मुंबई उपनगरांतील तरुण वाहनचालक : रस्ता, परवाना आणि अपघात-प्रतिबंधाचा इतिहास

प्रस्तावना

रस्त्यावरील अपघात हा आपल्याकडे प्रामुख्याने पोलिसांच्या नोंदवहीचा, विम्याच्या दाव्याचा आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा विषय राहिला आहे. इतिहासलेखनाने त्याची दखल क्वचितच घेतली. वास्तविक केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होत्या, तर ४४.५ टक्के दुचाकीवर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ ते २९ वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण म्हणून रस्ते अपघातांचाच उल्लेख केला आहे. एवढी हानी करणाऱ्या घटनेला केवळ 'दुर्दैवी' म्हणून बाजूला सारता येत नाही. रस्ता कोणी व कशासाठी बांधला, वाहन कोणाच्या हाती केव्हा आले आणि ते चालविण्याची अनुज्ञा कोणत्या अटींवर दिली गेली, असा एक दीर्घ क्रम तिच्यामागे असतो. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या मुंबईच्या दोन उपनगरीय पट्ट्यांच्या संदर्भात हा क्रम तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तरुण चालकाचा बेदरकारपणा हे अपघाताचे सर्वमान्य कारण समजले जाते आणि ते खोटे नाही. परंतु शासन व न्यायसंस्था यांनी वेळोवेळी योजलेले उपाय एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे उपाय बहुतांशी कोणाचा तरी जीव गेल्यानंतरच्या टप्प्याशी, म्हणजे दोष आणि शिक्षा यांच्याशी निगडित आहेत. तरुण माणूस वाहन चालवायला कसा, कोठे व कोणाकडून शिकतो हा आधीचा टप्पा मात्र दीर्घकाळ जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

उपनगराचा रस्ता

साष्टीचे बेट मुंबईशी रस्त्याने जोडले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शीवचा बांध शतकाच्या आरंभी झाला, तर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून माहीमचा बांध १८४५ मध्ये खुला झाला. या दोन दारांतून पुढे दोन रस्ते गेले. पश्चिमेकडील घोडबंदर रस्ता वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली या गावांतून जाई, तर पूर्वेकडील आग्रा रोड कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याकडे जाई. आज त्यांना अनुक्रमे स्वामी विवेकानंद मार्ग आणि लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. दोन्ही मूळचे बैलगाडीच्या आणि टांग्याच्या वेगाचे रस्ते होत. त्यांची वळणे, त्यांना येऊन मिळणाऱ्या गल्ल्या आणि कडेची देवळे व बाजार आजही त्या वेगाची साक्ष देतात.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. याच काळात पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गांची कल्पना आकाराला आली. नगर अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांचा बृहन्मुंबईचा आराखडा १९४८ चा आहे. पुढे विल्बर स्मिथ कंपनीने १९६३ मध्ये शहराच्या वाहतुकीचा अभ्यास सादर केला आणि त्यातही वेगवान मार्गांवर भर होता. या सर्व नियोजनात द्रुतगती मार्ग हा शहरातून बाहेर पडण्याचा मार्ग होता. त्याच्या दोन्ही बाजूंस मोकळी जमीन, मिठागरे व शेते होती. पुढील तीस वर्षांत ती जागा गृहसंकुलांनी, औद्योगिक वसाहतींनी व झोपडपट्ट्यांनी भरून निघाली. बाहेर जाण्याचा मार्ग वस्तीच्या मधोमध आला, मात्र त्याचे 'द्रुतगती' हे नाव आणि त्यामागची अपेक्षा कायम राहिली. जोगेश्वरी किंवा कांजूरमार्ग येथील रहिवाशाला समोरची बस पकडण्यासाठी हा मार्ग ओलांडावा लागतो, ही बाब मूळ कल्पनेत कोठेच नव्हती.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने शतकाच्या अखेरीस मुंबईत उड्डाणपुलांची मालिका उभारली. पश्चिम महामार्गावरील अनेक चौक त्यामुळे सिग्नलमुक्त झाले. या पुलांमुळे प्रवासाचा वेळ वाचला, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांचा आणखी एक परिणाम झाला, ज्याची चर्चा कमी झाली. दिवसा मुंगीच्या पावलांनी सरकणारा हा रस्ता मध्यरात्रीनंतर एकाएकी मोकळा होतो आणि अनेक किलोमीटर विनाअडथळा मिळतो. दिवसभर अडवून ठेवणारा आणि रात्री सर्व मर्यादा सोडणारा असा हा रस्ता आहे. मध्यरात्रीनंतर मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्या मुलांविरुद्धच्या पोलीस कारवाया उपनगरांत वारंवार होत आल्या आहेत. त्यांचे खापर २००४ च्या 'धूम' चित्रपटावर फोडण्याची प्रथा आहे. चित्रपटाला दोष देणे सोपे असते. शर्यतीला लागणारा सरळ, रुंद, रिकामा आणि प्रकाशित रस्ता मात्र सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला होता.

वाहनाचे वय आणि कायद्याचे वय

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी किमान वय १८ वर्षे ठरविले. त्या काळी उपनगरांतील सामान्य कुटुंबात स्वतःचे मोटार वाहन असणे ही अपवादात्मक गोष्ट होती. तरुण मुलगा चालक झालाच तर तो पगारी चालक असे आणि आधी क्लीनर म्हणून उमेदवारी करून मगच चाकामागे बसत असे. या उमेदवारीत पिळवणूक होती यात शंका नाही, पण काही वर्षे अनुभवी माणसाशेजारी बसून रस्ता पाहणेही होते. खासगी दुचाकीच्या युगात ही शेजारची जागा नाहीशी झाली.

हे युग एकदम आले नाही. बजाज चेतक १९७२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. आलेली स्कूटर वडिलांची असे आणि तिची किल्लीही वडिलांच्याच खिशात असे. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. पन्नास सीसीचे इंजिन आणि सायकलीसारखी पायडल असलेली ही गाडी शिक्षक, टंकलेखिका, फिरते विक्रेते यांच्याबरोबर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी ही स्कूटर सुमारे ९८ सीसीची, म्हणजे लूनाच्या दुप्पट ताकदीची होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० रस्त्यावर आली. २००१ मध्ये होंडा ॲक्टिव्हा आणि बजाज पल्सर या दोन गाड्या एकाच वर्षी आल्या. पहिली घरातील कोणीही चालवावी अशी होती, तर दुसरी खास तरुणांसाठी वेगाची जाहिरात करीत आली.

आता याच्या जोडीने कायदा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १८ वर्षांचा नियम कायम ठेवला, मात्र पालकांच्या लेखी संमतीने गिअर नसलेली मोटारसायकल १६ व्या वर्षी चालविण्यास मुभा दिली. मुभेची कसोटी गिअर होती, इंजिनाची ताकद नव्हती. त्यामुळे ९८ सीसीची स्कूटरही त्या कक्षेत बसत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ही चूक सुधारली आणि मुभा ५० सीसीपर्यंतच्या इंजिनापुरती मर्यादित केली. दुरुस्ती योग्य होती, परंतु ती झाली तोवर बाजार पुढे निघून गेला होता. नव्या शतकाच्या सुरुवातीस ५० सीसीची गाडी दुकानांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. परिणामतः १६ ते १८ या वयासाठी कायद्यात परवाना राहिला, पण त्या परवान्यावर चालविता येईल असे वाहन राहिले नाही. घरी ॲक्टिव्हा उभी असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलासमोर दोनच पर्याय उरले. एक तर अठरापर्यंत थांबायचे, नाहीतर विनापरवाना चालवायचे. शिकवणीचे वर्ग, क्रिकेटचा सराव आणि स्थानकापर्यंतच्या भरगच्च शेअर रिक्षा यांच्या रेट्यात बहुसंख्य घरांनी कोणता पर्याय निवडला हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही. बोरिवली किंवा मुलुंडमधील कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकापासून जरा अंतरावर, वॉचमनच्या नजरेआड उभ्या केलेल्या गाड्यांची रांग ते सांगते.

अलीकडे या कथेला विजेच्या गाड्यांचे नवे प्रकरण जोडले गेले आहे. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग नसलेली विद्युत दुचाकी नियमानुसार 'मोटार वाहन' ठरत नाही. तिला परवाना लागत नाही. लूनाच्या काळातील सौम्य गाडी एका अर्थाने परत आली आहे, फरक इतकाच की या वेळी तिच्याबरोबर शिकाऊ परवानाही नाही आणि चाचणीही नाही.

शिकण्याची जागा

मुंबईच्या शाळांमध्ये 'आरएसपी' म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची पथके अनेक पिढ्यांना परिचित आहेत. गणवेशातील मुले शाळेसमोरील रस्त्यावर रहदारी थांबवून लहानांना पलीकडे नेत. पादचारी म्हणून रस्त्यावर कसे वागावे याचे ते चांगले शिक्षण होते. परंतु हे शिक्षण शाळेबरोबर संपत असे. ज्या वयात मुलगा पादचाऱ्याचा चालक होतो, नेमक्या त्या वयात त्याच्यासाठी कोणतीही शिस्तबद्ध व्यवस्था नव्हती. महाविद्यालयांच्या वाट्याला आला तो १९८९ पासून जानेवारीत साजरा होणारा रस्ता सुरक्षा सप्ताह. २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांची फेरी, भित्तिपत्रक स्पर्धा आणि निबंध स्पर्धा हे त्याचे ठरलेले स्वरूप आहे. हे उपक्रम हेतूने चांगले असतात, पण घोषवाक्याने ब्रेक कधी दाबावा हे हाताला व पायाला शिकविता येत नाही.

मोटार शिकविणाऱ्या शाळांसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अभ्यासक्रम ठरविला. खासगी वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास अशी त्यात अट होती. हे दहा तास उपनगरांतील 'मोटार ट्रेनिंग स्कूल'च्या दुहेरी पायपट्ट्या असलेल्या गाडीत बहुधा सकाळी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पार पडत. रात्र, पाऊस, महामार्गावरील मार्गिका बदलणे यांतील काहीही त्यात अपरिहार्य नव्हते. दुचाकीच्या बाबतीत तेवढेही घडत नसे. मोठा भाऊ किंवा इमारतीतील मित्र मागे बसून शिकवी आणि सोसायटीचे आवार अपुरे पडू लागले की मंडळी मोकळ्या रस्त्याच्या शोधात निघत. पश्चिम उपनगरांत असा रस्ता म्हणजे गोरेगावची आरे वसाहत. पुढे अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत आठचा आकडा काढून दाखविला, पाय जमिनीला टेकला नाही, की परवाना मिळे. या चाचणीत तोल तपासला जाई. धोका आधीच ओळखण्याची क्षमता तपासली जात नसे. तरुण व अनुभवी चालकांत सर्वांत मोठा फरक याच क्षमतेचा असतो, हे अपघातशास्त्राने दीर्घकाळ दाखवून दिले आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. आपला कायदा संमत होण्याच्या एक वर्ष आधी, १९८७ मध्ये, न्यूझीलंडने तरुण चालकांसाठी टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना सुरू केला. त्याचे आधी शिकाऊ, मग मर्यादित आणि शेवटी पूर्ण असे टप्पे होते. मर्यादित टप्प्यात रात्री दहानंतर एकट्याने चालविण्यास आणि देखरेखीशिवाय सोबती नेण्यास बंदी होती. यामागचे निरीक्षण साधे होते. नवख्या चालकाचे अपघात रात्री आणि समवयस्क मित्र गाडीत असताना अधिक होतात. ही कल्पना नंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतील राज्यांनी स्वीकारली. १९८८ च्या भारतीय कायद्यात मात्र शिकाऊ परवान्याच्या तीस दिवसांनंतर चाचणी उत्तीर्ण होणारा अठरा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षे गाडी चालविलेला त्याचा बाप यांच्या खासगी परवान्यात काहीच अंतर ठेवलेले नव्हते. त्याच रात्री चार मित्र घेऊन द्रुतगती मार्गावर निघण्यास त्याला कायद्याची आडकाठी नव्हती.

मृत्यूनंतरचा कायदा

निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे कलम ३०४-अ भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये घातले गेले. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर मोटार अवतरली नव्हती. कमाल दोन वर्षांच्या कैदेची ती तरतूद घोडागाडीच्या काळातून थेट एकविसाव्या शतकात आली. तिच्या अपुरेपणाची जाणीव उपनगर जिल्ह्यातील एका खटल्याने तीव्रपणे करून दिली.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण ठार व आठ जण जखमी झाले. चालक एकवीस वर्षांचा होता आणि त्याने मद्यप्राशन केले होते. मृत्यू पावलेले मजूर त्याच रस्त्याच्या दुरुस्तीसाठी आणले गेले होते, हा तपशील सहसा विसरला जातो. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ खाली सहा महिन्यांची शिक्षा व दंड सुनावला, तेव्हा शहरात तीव्र प्रतिक्रिया उमटली. सप्टेंबर २००७ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ भाग दोन लावून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. 'अलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १२ जानेवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा तोकडी असल्याचेही नमूद केले. राज्याने शिक्षावाढीसाठी अपील केले नसल्याने ती वाढविली गेली नाही.

या काळाचे एक ठोस फलित म्हणजे मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ मध्ये सुरू केलेली मद्यपी चालकांविरुद्धची नियमित मोहीम. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा कायद्यात आधीपासून होती. नवी होती ती नाकाबंदी आणि श्वासतपासणी यांतील सातत्याची बाजू. 'पकडले जाऊ' ही शक्यता खरी वाटू लागली की वर्तन बदलते, याचे प्रत्यंतर मुंबईकरांना आले. मेजवानीनंतर टॅक्सी करणे ही चेष्टेची बाब राहिली नाही. मृत्यूच्या आधी हस्तक्षेप करणारा असा उपाय या इतिहासात विरळा आहे, म्हणूनच त्याचे महत्त्व अधिक.

२०१९ च्या दुरुस्तीने पालकांना जबाबदार धरले. कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास २५ वर्षांपर्यंत परवान्यास मज्जाव, अशी ही कडक तरतूद आहे. तरीही १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे मोटारीने दोघांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने पहिल्याच दिवशी जामीन देताना अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि देशभर संतापाची लाट उसळली. चर्चा मुलाच्या श्रीमंतीभोवती फिरत राहिली. मृत्यू पावलेले दोघेही चोवीस वर्षांचे अभियंते होते आणि मोटारसायकलवर होते, हे त्या गदारोळात मागे पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरे वसाहतीत पहाटे दूध पोचविणारा दुचाकीस्वार मोटारीच्या धडकेत मरण पावला. तोही चोवीस वर्षांचा होता आणि मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. ज्या रस्त्यांवर उपनगरातील पिढ्या गाडी शिकल्या, त्याच रस्त्यांपैकी एकावर हे घडले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने १८७० ची दोन वर्षांची मर्यादा पाच वर्षांवर नेली. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे उपकलम मात्र मालवाहतूकदारांच्या जानेवारी २०२४ मधील आंदोलनानंतर स्थगित ठेवून संहिता लागू झाली.

दुचाकीवरचा तरुण

गाजलेल्या खटल्यांमुळे तरुण चालकाची जी प्रतिमा तयार झाली ती मोटारीतील, मद्यधुंद, धनिक मुलाची आहे. आकडेवारीतील तरुण वेगळा आहे. तो दुचाकीवर असतो आणि बहुधा स्वतःच मरतो. २०२१ नंतर 'दहा मिनिटांत घरपोच' अशा जाहिराती सुरू झाल्यावर या वर्गात आणखी भर पडली. घाटकोपर किंवा मालाडच्या वस्तीतील अठरा-वीस वर्षांचा मुलगा परवाना हाती पडताच फेरीगणिक पैसे मोजणाऱ्या कामावर रुजू होतो. त्याचा वेग हौसेचा नसून रोजंदारीचा असतो. त्याला शिकाऊ वयात मर्यादा घालणारा कायदा आणावयाचा झाल्यास त्याच्या मिळकतीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल, कारण रात्रीचे बंधन मोटारीतील मुलाची मौज कमी करील, पण याची चूल थंड पाडील.

याच वर्गासाठी शिरस्त्राण हा सर्वांत स्वस्त व सिद्ध उपाय आहे. जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यासही ते सक्तीचे करण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे मोटारीच्या मागील आसनावर असताना निधन झाले आणि मागील आसनाच्या पट्ट्याकडे लक्ष गेले. १ नोव्हेंबरपासून मुंबईत तोही सक्तीचा झाला. अपघातानंतरच्या पहिल्या तासासाठी जोगेश्वरीला महामार्गालगत पालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे, पूर्वेकडे शीवच्या रुग्णालयाचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने मदत करणाऱ्या नागरिकास पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षणही मिळाले.

शिकण्याच्या टप्प्यावर खरा बदल सुचविणारे नियम २०२१ मध्ये आले. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला, म्हणजे १९८९ च्या दहा तासांच्या जवळजवळ तिप्पट. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या संगणकावर देण्याची सोय सुरू झाली आणि मुलाच्या जागी दुसऱ्यानेच प्रश्न सोडविल्याच्या तक्रारी लगोलग येऊ लागल्या. दोन्ही सुधारणा एकाच वर्षाच्या आहेत. पहिलीसाठी दुचाकी व हलक्या वाहनांच्या केंद्राला किमान एक एकर जमीन हवी, तर दुसरीसाठी केवळ एक भ्रमणध्वनी पुरतो. अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात एक एकर मोकळी जागा कोणत्या भावाने मिळते, हे तेथील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.